चर्चगेटचं गेट कुठे गेलं?

काय दोस्तांनो, चर्चगेटच्या गाडीत तुम्ही किती वेळा बसला असाल? दादरहून गाडी पकडायची, मरीन लाइन्स गेलं की उठून दारापाशी यायचं आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. आता मला सांगा, स्टेशनाबाहेर आल्यावर तुम्हाला चर्च दिसतं का? नाही. बरं, गेट दिसतं का? तेही नाही! मग या स्टेशनाला चर्चगेट हे नाव पडलं तरी कसं?

घरात विचारून पाहा. आजोबांनाही ते गेट आठवणार नाही. आजोबांच्या आजोबांनी पाहिलं असेल तर कोण जाणे! कारण ते गेट पाडलं त्याला दीडशेहून जास्त वर्षं होऊन गेली. ते होतं एका छोट्याशा इंग्रजी गावाच्या वेशीवर. आणि ते गाव इंग्लंडात नव्हतं, आपल्या मुंबईतच होतं. आज आपण त्याच गावाला जाणार आहोत. विमानाचं तिकीट नको, व्हिसा नको. लोकलचं तिकीट आणि पायात चांगल्या चपला असल्या की झालं.

इंग्लंडमध्ये चेस्टर नावाचं एक जुनं गाव आहे. गावाभोवती दगडी तटबंदी आहे आणि ती आजही जवळजवळ पूर्ण उभी आहे. लांबी साधारण तीन किलोमीटर. जगभरचे प्रवासी त्या तटावरून चालत गावाला प्रदक्षिणा घालतात. यॉर्कलाही असाच तट आहे. इंग्रज मुंबईत आले तेव्हा त्यांनी इथेही असंच एक तटबंदीचं गाव उभारलं. मराठी माणसं त्याला म्हणत ‘कोट’. गिरगावातले जुने लोक ‘फोर्टात जातो’ असं म्हणत नसत, ‘कोटात जातो’ म्हणत. आणि कोटाच्या बाहेरची वस्ती म्हणजे ‘बाहेरकोट’.

आता थोडा इतिहास, पण घाबरू नका, पाठ करायचा नाही! १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा करार झाला. त्यात पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्रज राजाला आंदण दिलं. राजाला एवढ्या लांबचं बेट सांभाळणं जड जाऊ लागलं. म्हणून १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं किती, माहीत आहे? वर्षाला दहा पौंड! आज त्या मुंबईत एक खोली घ्यायची तर काय पडेल, ते आईबाबांना विचारा.

कंपनीचे व्यापारी बंदराला लागून राहू लागले. पण समुद्रावर भीती होती, आणि त्या भीतीचं मोठं नाव होतं कान्होजी आंग्रे! कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता. १७१५ साली चार्ल्स बून नावाचा गव्हर्नर आला. त्याने गावाभोवती पक्का तट बांधून घेतला. आंग्र्यांच्या किल्ल्यांवर त्याने मोहिमाही काढल्या, पण त्या फसल्या.

तटाला तीन दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. पूर्वेला तर समुद्रच. गावाची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड-पावणेदोन किलोमीटर, आणि रुंदी तर पायी दहा मिनिटांत संपेल एवढीच. रात्री दरवाजे बंद होत. उशीर झाला की बाहेरचा माणूस बाहेर आणि आतला आत.

ज्या चर्चवरून चर्च गेटला नाव पडलं, ते मात्र आजही उभं आहे, बरं का! त्याचं नाव सेंट थॉमस. ते १७१८ साली नाताळच्या दिवशी उघडलं. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्याने सरळ पूर्वेकडे चालत राहा. वाटेत हुतात्मा चौक लागेल. तिथे क्षणभर थांबा. साधारण याच जागी चर्च गेट होतं. म्हणजे इथून पुढे टाकलेलं तुमचं पाऊल कोटाच्या आत पडतं!

सेंट थॉमसमध्ये शांतपणे आत जा. भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. इथे मरण पावलेल्या इंग्रजांच्या त्या आठवणी. नावं वाचू नका, वयं वाचा. तरुण माणसं, कोवळी मुलं किती आहेत पाहा. त्या काळी मुंबईत आलेल्या इंग्रजाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं लोक म्हणत. दलदलीमुळे ताप येत, पोटाचे रोग होत आणि औषध सापडत नसे. तट शत्रूला अडवील हो, पण डासाला कसा अडवणार?

तरीही इंग्रज तट वाढवत राहिले. त्यामागे एक गंमत आहे, आणि ती तुमच्या इतिहासाच्या पुस्तकाशी जोडलेली आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. साष्टी तर आधीच मराठ्यांकडे आली होती. म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडे थेट मराठ्यांचा भगवा! कोटातल्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी तटाबाहेर खंदक खणायला घेतला. कोटातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. तेव्हाचे तीस हजार, लक्षात घ्या!

पण नुसता खंदक पुरत नाही. तटावरच्या तोफांना समोर मोकळी जागा लागते. शत्रू झाडाआड, घराआड लपून जवळ आला तर? म्हणून तटाबाहेरची नारळाची झाडं तोडली, घरं हटवली आणि मोठं मैदान मोकळं केलं. पुढे ते आणखी रुंद करत नेलं. त्या मैदानाचं काय झालं? अहो, तुम्ही त्याच्यावर क्रिकेट खेळता! आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे त्याचेच उरलेले तुकडे. पुढच्या वेळी ओव्हलवर चौकार मारलात की लक्षात ठेवा, तुमचा चेंडू एके काळच्या तोफांच्या टप्प्यातून पळतो आहे.

आता प्रश्न असा, की या इंग्रजी गावात फक्त इंग्रजच राहत होते का? मुळीच नाही. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात बहुतेक इंग्रज, तर उत्तरेकडे बाजार गेटच्या बाजूला पारशी, बनिया आणि इतर व्यापारी दाटीवाटीने राहत. कोटातली बनाजी लिमजी अग्यारी १७०९ सालची, म्हणजे तटाहूनही जुनी! सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी इथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधायला सुरुवात केली. त्यांच्या घराण्याने १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही पाण्यावर तरंगतं आहे. कुठे? इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी! ब्रिटनमधलं अजून तरंगणारं ते सर्वांत जुनं युद्धजहाज. म्हणजे इंग्लंडच्या त्या गावात मुंबईचं जहाज पाहायला रांग लागते. आहे की नाही मजा!

पण उत्तरेकडची ती दाटी एक दिवस भोवली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात भयंकर आग लागली. चारशेहून अधिक घरं जळून गेली. दुकानं, वखारी, सगळ्यांची राख झाली. त्यानंतर सरकारने कोटाबाहेर वस्ती वाढवण्यावर जोर दिला. काही व्यापारी ‘आम्ही कोटातच राहू’ म्हणून अडून बसले, तर बरेच लोक मैदान ओलांडून पलीकडे गेले. काळबादेवी, भुलेश्वर हे भाग भरत गेले, नारळाच्या वाड्यांच्या गिरगावात माणसांच्या वाड्या होऊ लागल्या. गिरगावातल्या मुलांनो, तुमच्या गावाची गोष्ट अशी त्या आगीशीही जोडलेली आहे. पुढे कोटातली गर्दी गव्हर्नरलाही नकोशी झाली असावी. साहेब चक्क परळला राहायला गेले! परळचं ते गव्हर्नरचं घर म्हणजेच आजची हाफकिन संस्था, जिथे प्लेगची लस बनत असे.

इतका खर्च करून बांधलेल्या तटाने किती लढाया पाहिल्या असतील? सांगा पाहू. एकही नाही! तट बांधून झाल्यावर कोटाला कुणी वेढाच घातला नाही. १८१८ साली पेशवाई संपली, आता कुणाला अडवायचं? खंदकात घाण साचून दुर्गंधी सुटे. दरवाज्यांत गाड्यांची कोंडी होई. आत गर्दी मावेना, बाहेर शहर वाढतच होतं. दिवसा लोक कोटात कामाला येत आणि संध्याकाळी बाहेरकोटात परत जात. अगदी आजच्यासारखं!

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतला जाऊ लागला. बार्टल फ्रिअर हा गव्हर्नर १८६२ साली आला आणि त्याने तट पाडायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांत तट, दरवाजे सगळं गेलं. १८६४ साली चर्च गेटच्या जागी फ्लोरा फाउंटन हे कारंजं उभं राहिलं. तट आणि मैदान यांच्यामधल्या जागेत पुढे हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशा देखण्या इमारती आल्या.

तट पडत होता तेव्हा किती जणांना वाटलं असेल, की हे लिहून ठेवायला हवं? एका मराठी माणसाला वाटलं. गोविंद नारायण माडगावकर हे त्यांचं नाव. ‘मुंबईचे वर्णन’ हे त्यांचं पुस्तक १८६३ साली छापून आलं. म्हणजे ऐन तोडफोडीच्या काळात! मुंबईचे रस्ते, माणसं, सण, धंदे, सगळं त्यांनी मराठीत नोंदवून ठेवलं. दगडाचा तट गेला, कागदाचं पुस्तक मात्र राहिलं. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात किंवा जवळच्या वाचनालयात ते आहे का, जरूर विचारा.

चला, आता प्रत्यक्ष जाऊया. मोठं कुणीतरी बरोबर घ्या आणि रविवारची सकाळ निवडा, म्हणजे रस्ते मोकळे मिळतील. लालबाग-परळची मुलं करी रोड, चिंचपोकळीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतील. दादरकरांना दोन्ही वाटा मोकळ्या. गिरगावकर तर धोबीतलावावरून चालतच येतील. आणि हे शोधा:

एक : टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालय आहे. तिथे मागच्या बाजूला, पी. डिमेलो रस्त्याकडे, फोर्ट जॉर्जच्या जुन्या बांधकामाचा एक तुकडा उरला आहे. हा फोर्ट जॉर्ज १७६९ साली तटाच्या उत्तर टोकाला बांधला होता. रुग्णालय आहे, तेव्हा आरडाओरडा नको.

दोन : पेरीन नरिमन स्ट्रीट. याचं जुनं नाव बाजार गेट स्ट्रीट. दोन्ही बाजूंच्या अरुंद गल्ल्या पाहिल्या की कोटातली दाटी कशी असेल, याचा अंदाज येतो.

तीन : हॉर्निमन सर्कल. तटाच्या काळात इथे मोठं हिरवं मैदान होतं आणि त्यावर कापसाचे ढीग पडत. आज गोल बाग आहे. तिला नाव बेंजामिन हॉर्निमन यांचं. हे इंग्रज संपादक, पण आपल्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणारे! म्हणून १९१९ साली सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं होतं. समोरच १८३३ सालचं टाउन हॉल आहे. त्याच्या पायऱ्या मोजा आणि वहीत लिहा.

चार : टाउन हॉलच्या मागे जुना ‘बॉम्बे कॅसल’ होता. आता ती जागा नौदलाकडे आहे, आत जाता येत नाही. पण नौदलाच्या त्या तळाचं नाव काय, ठाऊक आहे? आय.एन.एस. आंग्रे! ज्यांच्या धाकाने तट बांधला, त्यांचंच नाव आज इंग्रजांच्या किल्ल्यावर आहे.

पाच : काळा घोडा भागातला के. दुभाष मार्ग. जुनं नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तट. तट इथूनच जात होता.

सहा : पुन्हा हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या चळवळीतल्या हुतात्म्यांचं स्मारक कारंज्याशेजारी आहे. शेतकरी आणि कामगार हातात मशाल धरून उभे आहेत. जिथे एके काळी दरवाजा बंद करून लोकांना बाहेर ठेवत, तिथे आज लोकांचं स्मारक आहे. नमस्कार करून पुढे चला.

सातवी वस्तू कोटात नाही, तुमच्याच वाटेवर आहे! पूर्वी मुंबईतली अंतरं सेंट थॉमस चर्चपासून मोजत. त्यासाठी रस्त्याकडेला मैलाचे काळे दगड रोवले होते, त्यांवर रोमन आकडे कोरलेले. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. वर्षानुवर्षं रस्त्यावर डांबराचे थर चढले आणि ते दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. माणसं त्यांना टेकून बसत, कुणी त्यांवर सामान ठेवी, पण वाचत कुणी नसे. अलीकडे महानगरपालिकेने त्यांतले काही उकरून, साफ करून पुन्हा उभे केले आहेत. दादरकडच्या डॉ. आंबेडकर रस्त्यावरही असा दगड आहे. शाळेत जाता-येता डोळे उघडे ठेवा, आणि सापडला तर त्याच्यावरच्या आकड्यावरून कोट किती किलोमीटर लांब आहे, ते काढा. गणिताचाही अभ्यास होईल!

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. गेट गेलं, नाव राहिलं. पण नाव असून उपयोग काय, त्याचा अर्थ विचारणारं कुणी नसेल तर? धोबीतलावाला तलाव नाही, बोरीबंदरला बंदर नाही. फणसवाडीत फणस आणि चिंचपोकळीत चिंच आहे का, ते तुम्ही पाहून सांगा. हे सगळं खूप जुनं, असं वाटतंय ना? मग लालबाग-परळच्या मुलांनो, तुमच्या आजोबांना विचारा. सकाळी गिरणीचा भोंगा वाजायचा, त्यावर अख्ख्या वस्तीचं घड्याळ लागायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, नाव तेवढं फिनिक्स राहिलं. आणखी पन्नास वर्षांनी तुमच्यासारखाच एखादा मुलगा विचारील, ‘या मॉलला फिनिक्स का म्हणतात? आणि परळला गिरणगाव का म्हणायचे?’ त्याला कोण सांगणार? गिरगावातल्या चाळींचंही तेच. तुम्ही ज्या गॅलरीत अभ्यास केला किंवा आईबाबांनी केला, ती कदाचित उद्या नसेल.

तट पाडला ते वाईट झालं, असं मी म्हणत नाही. तो पडला म्हणून शहराला श्वास घेता आला. जुनं सगळंच ठेवता येत नाही. पण ते कसं होतं, हे लिहून तर ठेवता येतं! माडगावकरांना तेवढंच जमलं, आणि तेवढंही फार मोठं झालं.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. (नाकं मुरडू नका, सोपा आहे!) तुमच्या घराजवळचं असं एक नाव शोधा, ज्याची वस्तू आता उरलेली नाही. वाडी, नाका, गल्ली, बस थांबा, काहीही चालेल. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला त्याबद्दल विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहून काढा. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घाला. आईबाबांनो, तुम्हीसुद्धा थोडा वेळ काढा. मुलांना विचारायला शिकवायचं, तर उत्तर द्यायला आपण जवळ बसायला हवं ना!

आणि हो, टाउन हॉलच्या पायऱ्या किती भरल्या, ते मात्र मी सांगणार नाही. स्वतः जाऊन मोजा!